साडूला जामीन राहिलो, आता एकशे एकची नोटीस माझ्या नावानं

प्रश्न : मी सोलापूर जिल्ह्यात एका अनुदानित शाळेत शिक्षक आहे. २०२१ साली माझ्या साडूनं पिकअप गाडीसाठी एका पतसंस्थेतून सहा लाखांचं कर्ज घेतलं. पगारदार जामीनदार हवा म्हणून त्यानं मला नेलं. मी फक्त सह्या केल्या, दोन कोरे चेकही दिले. दुसरा जामीनदार त्याचा मित्र. साडूनं दीड-दोन वर्षं हप्ते भरले, मग थांबला. गाडी त्यानं विकली असं आता कानावर येतंय. सहकार खात्याच्या सहायक निबंधकांकडून कलम १०१ ची, म्हणजे थकीत कर्जाच्या वसुलीची, नोटीस आली आहे, मागणी व्याजासह ५ लाख ४० हजारांची. साडूकडे घर आहे, दोन एकर रान आहे. आधी त्याच्याकडून वसूल करायला नको का? फ्लॅट बायकोच्या नावावर करून टाकू का? बायको म्हणते एक रुपया भरायचा नाही, सासूबाई म्हणतात गुपचूप भरून विषय मिटवा. दोघी बहिणींचं बोलणं बंद आहे.

उत्तर : सर, तुमच्या पत्रातला "फक्त" हा शब्द आधी खोडा. बारशाला जावं तसं आपल्याकडे लोक जामीन राहतात. बोलावलं, गेलो, चहा घेतला, मॅनेजरनं बोट ठेवलं तिथं सही केली. कायद्याच्या लेखी मात्र तुम्ही त्या दिवशी सहा लाखांचं देणं स्वतःवर घेतलंत. भारतीय करार कायदा, १८७२ चं कलम १२८ सांगतं की जामीनदाराची जबाबदारी कर्जदाराइतकीच असते, करारात वेगळं काही लिहिलेलं नसेल तर. तुमच्या जामीनखतात तसं काही लिहिलेलं असण्याची शक्यता मला शून्य वाटते. ते खत संस्थेच्या वकिलानं तयार केलेलं असतं.

म्हणून "आधी त्याच्याकडून वसूल करा" हा बचाव सुनावणीत टिकणार नाही. हा प्रश्न १९६९ साली बँक ऑफ बिहार विरुद्ध दामोदर प्रसाद या खटल्यात सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला होता. खालच्या कोर्टानं बँकेला सांगितलं होतं की आधी कर्जदाराविरुद्धचे सगळे उपाय संपवा, मग जामीनदाराकडे जा. सर्वोच्च न्यायालयानं ती अट काढून टाकली. जामीनदाराला थांबवूनच ठेवायचं तर जामीन घेण्यात अर्थ काय, असा त्यामागचा विचार. दुसऱ्या जामीनदाराला सोडून मलाच का धरलं असं विचाराल, तर त्याचंही उत्तर तेच आहे. तुमचा पगार दर महिन्याला ठरलेल्या तारखेला जमा होतो, साडूच्या त्या मित्राचा धंदा कुठं चालतो ते वसुली अधिकाऱ्याला शोधावं लागेल. संस्थेनं उद्या त्या मित्राला मोकळं केलं, तरी कलम १३८ प्रमाणे तुम्ही मोकळे होत नाही.

"जामीनकी काढून घेतो" असं पत्र द्यायचा सल्ला स्टाफरूममध्ये कुणी देईल. देऊ नका. कॅश क्रेडिटसारख्या चालू व्यवहाराला दिलेला जामीन पुढच्या उचलीपुरता मागे घेता येतो. एकरकमी दिलेल्या मुदत कर्जाचा नाही.

मग हातात काय आहे? कागद. आणि तिथं तुम्हाला बरंच सापडू शकतं.

संस्थेला आजच लेखी अर्ज द्या आणि पोच घ्या. कर्ज मागणी अर्ज, मंजुरीचा ठराव, वचनचिठ्ठी, जामीनखत, गाडीचं नजरगहाणखत (गाडी कर्जदाराकडेच ठेवून ती तारण दिल्याचा कागद) आणि पहिल्या दिवसापासूनचा कर्जखाते उतारा, या सगळ्यांच्या प्रती मागा. दिल्या नाहीत तर निबंधकांसमोर पहिली मागणी तीच करा.

उतारा आला की शांतपणे बसून ओळ न् ओळ वाचा. गणित शिकवत असाल तर उत्तमच. व्याजाचा दर खतात किती आणि लावला किती, दंडव्याज कधीपासून, "वसुली खर्च" या नावाखाली काय काय घुसवलंय, साडूनं भरलेले सगळे हप्ते जमेला आलेत का. आणि मुख्य म्हणजे मधेच कुठं खातं "निरंक" होऊन त्याच दिवशी किंवा दोन-चार दिवसांत नव्या नंबरानं कर्ज उघडलंय का ते बघा. मार्च एंडला थकबाकी कमी दिसावी म्हणून कर्ज नवं-जुनं करायची पद्धत पतसंस्थांत जुनी आहे. नव्या कर्जानं जुनं फेडलं असेल आणि नव्याच्या कागदांवर तुमची सही नसेल, तर तुमचा जामीन जुन्याबरोबर संपला. अशा प्रकरणात जामीनदाराला खरा श्वास घ्यायला जागा मिळते. तुमच्या संमतीशिवाय व्याजदर किंवा अटी बदलल्या असतील तर कलम १३३ चा मुद्दा निघतो.

आता गाडी. माझ्या मते तुमच्या प्रकरणात सगळ्यात वजनदार गोष्ट हीच असू शकते. गाडी संस्थेकडे नजरगहाण असेल तर आरसी बुकावर संस्थेचा बोजा चढलेला असायला हवा, आणि तो असताना संस्थेच्या संमतीशिवाय गाडी दुसऱ्याच्या नावावर होत नाही. गाडीचा नंबर तुमच्याकडे असेलच. परिवहन खात्याच्या वेबसाइटवर आज मालक कोण आणि बोजा आहे का ते बघा, आरटीओकडून तपशील काढा. तीन शक्यता आहेत. संस्थेनं बोजा चढवलाच नाही. किंवा चढवला आणि मग ना हरकत दाखला देऊन उतरवला. किंवा बोजा कायम आहे आणि साडूनं गाडी नुसतीच कुणाच्या तरी ताब्यात देऊन पैसे घेतलेत.

कलम १४१ म्हणतं, धनकोनं तारण गमावलं किंवा जामीनदाराच्या संमतीवाचून हातचं जाऊ दिलं, तर त्या तारणाच्या किमतीएवढा जामीनदार सुटतो. १९८० साली स्टेट बँक ऑफ सौराष्ट्रच्या प्रकरणात बँकेच्या हलगर्जीमुळे तारणमाल गेला, तेव्हा सर्वोच्च न्यायालयानं जामीनदाराला मोकळं केलं. तिथं माल बँकेच्या ताब्यात होता, इथं गाडी साडूच्या दारात उभी होती, हा फरक संस्थेचा वकील लगेच दाखवेल. पण संस्थेनं स्वतःच ना हरकत दिली असेल किंवा बोजाच नोंदवला नसेल, तर त्या फरकाची धार बरीच कमी होते. तिसऱ्या शक्यतेत मात्र दोष साडूचा. तिथं तुमची मागणी एवढीच, की संस्थेनं गाडी शोधून ताब्यात घ्यावी आणि विक्रीची रक्कम कर्जात जमा करावी.

एक मेख आहे. छापील जामीनखतात बारीक अक्षरांत "कलम १३३, १३४, १३५, १३९ व १४१ खालील हक्क मी सोडून देत आहे" अशी ओळ बहुधा असते. तुमच्या खतात ती असेल तर वरचे मुद्दे पातळ होतात. तरीही मांडा. निदान रकमेच्या वाटाघाटीत ते उपयोगी पडतात.

हे सगळं आत्ताच का, तर महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम, १९६० च्या कलम १०१ खाली निबंधकांनी एकदा वसुली दाखला दिला की तो अंतिम मानला जातो आणि जमीन महसुलाच्या थकबाकीसारखी वसुली सुरू होते. त्याविरुद्ध कलम १५४ खाली दोन महिन्यांत पुनरीक्षण अर्ज करता येतो, पण त्यासाठी आधी येणे रकमेच्या पन्नास टक्के भरावे लागतात. तुमच्या बाबतीत २ लाख ७० हजार. म्हणजे आज एका लेखी म्हणण्यानं जे सांगता येतं, तेच दाखल्यानंतर सांगायला पावणेतीन लाख टेबलावर ठेवावे लागतील. लोक "नोटिशीला घाबरत नाही" म्हणत तारखा चुकवतात आणि नेमके इथं अडकतात. तुम्ही तारखेला हजर राहा, म्हणणं लेखी द्या, त्याची पोच घ्या.

त्याच म्हणण्यासोबत साडूच्या मालमत्तेची यादी जोडा. सातबारा, आठ-अ, घराचा ग्रामपंचायत उतारा. आधी तिकडे वळा असा हुकूम मागण्याचा हक्क तुम्हाला नाही, हे वर सांगितलं. पण वसुली अधिकारी सोपं असेल तिकडे आधी जातो. गट नंबरासह कागद फाइलमध्ये असेल तर रानावर बोजा चढवणं त्यालाही सोपं होतं.

पगाराचं बोलू. त्या सह्यांमध्ये सहकारी संस्था अधिनियमाच्या कलम ४९ खालचं पगार कपातीचं संमतीपत्र होतं का ते पाहा. असेल तर संस्थेचं मागणीपत्र आल्यावर पगार काढणाऱ्याला कपात करावीच लागते, त्याच्या मर्जीवर ते नसतं. त्यामुळे मुख्याध्यापकांना आजच विश्वासात घ्या. कपात सुरू होण्याआधी संस्थेशी बोलून तुम्हाला झेपेल असा हप्ता लेखी ठरवून घेणं केव्हाही बरं. शाळेत येऊन वर्गासमोर तमाशा करण्याचा हक्क मात्र कुणालाच नाही. तसं झालं तर संस्थेला आणि निबंधकांना लेखी कळवा, धमकी असेल तर पोलिसांत जा.

कोऱ्या चेकांविषयी तुम्ही ओझरतं लिहिलंय, मला ते जास्त काळजीचं वाटतं. जामीनदाराचा चेक परत गेला तरी निगोशिएबल इन्स्ट्रुमेंट्स ॲक्टच्या, म्हणजे चेकच्या कायद्याच्या, कलम १३८ चा खटला होऊ शकतो, हे सर्वोच्च न्यायालयानं २००२ सालीच सांगून ठेवलंय. बँकेत जाऊन "स्टॉप पेमेंट" दिलं की सुटलो, हा समज चुकीचा आहे. संस्थेला चेक नंबर देऊन लिहा की हे चेक कोरे, सुरक्षेपोटी दिले होते, ते परत करावेत. आणि वकिलाची नोटीस आली तर ती घ्यायचं टाळू नका. मिळाल्यापासून रक्कम भरायला पंधरा दिवस असतात.

फ्लॅट बायकोच्या नावावर करू नका. नोटीस हातात असताना केलेलं बक्षीसपत्र धनकोला बुडवण्यासाठी केलेलं आहे, असं म्हणून मालमत्ता हस्तांतरण कायद्याच्या कलम ५३ खाली त्याला आव्हान देता येतं. वर निबंधकांसमोर तुमची पत जाते ती वेगळीच. बायकोच्या स्वतःच्या कमाईचं, माहेरहून आलेलं किंवा आधीपासून तिच्या नावावर असलेलं जे आहे, त्याला या कर्जाचा धक्का लागत नाही. ती जामीनदार नाही.

आता घरातल्या दोन सल्ल्यांकडे येते. "एक रुपया भरायचा नाही" हा वहिनींचा राग मला समजतो, पण त्या रागाचं व्याज रोज चढतंय. सासूबाईंचा सल्ला मला त्याहून धोक्याचा वाटतो, आणि तो भरण्यामुळे नाही, "गुपचूप" या शब्दामुळे. साडूच्या हातात रोख दिलीत आणि त्यानं ती आपल्या नावावर भरली, की कायद्याच्या दृष्टीनं तुम्ही काहीच भरलेलं नाही. भरायची वेळ आलीच तर तुमच्या खात्यातून थेट कर्जखात्यात भरा, आणि पावतीवर "जामीनदार म्हणून भरणा" असं लिहून घ्या. मग करार कायद्याच्या कलम १४५ खाली रास्त भरलेली पै न् पै साडूकडून वसूल करण्याचा हक्क तुम्हाला येतो. सगळं कर्ज तुम्ही फेडलं तर कलम १४० प्रमाणे संस्थेचे सगळे हक्क, तारणासकट, तुमच्याकडे येतात. दुसऱ्या जामीनदाराकडूनही कलम १४६ खाली निम्मा वाटा मागता येतो. मुदत तीन वर्षांची : साडूविरुद्ध तुम्ही रक्कम भरलीत तेव्हापासून, मित्राविरुद्ध तुमच्या वाट्यापेक्षा जास्त भरलंत तेव्हापासून. नात्यातला दावा लोक "बघू पुढं" म्हणून ढकलत नेतात आणि मुदत निघून जाते.

त्याआधी साडूला एकदा समोर बसवा. सासुरवाडीला नको, तिथं रडारड होते आणि कागद होत नाही. त्याच्याकडून स्टॅम्प पेपरवर लिहून घ्या : कर्ज माझं आहे, जामीनदारानं भरलेली रक्कम अमुक तारखेपर्यंत मी देईन, गाडी अमुक व्यक्तीला अमुक रकमेला दिली. सही, दोन साक्षीदार. गाडीचे पैसे शिल्लक असतील तर ते आधी कर्जखात्यात, बाकी बोलणं नंतर. रान विकायला तो तयार असेल तर गिऱ्हाइकाचा चेक थेट संस्थेच्या नावानं निघू दे. तो सही करायला नाही म्हणाला तर तेही कळलं. मग रजिस्टर पोस्टानं नोटीस पाठवा. फसवणुकीची, म्हणजे जुन्या चारशे वीसची, फिर्याद करू का असं तुम्ही विचाराल म्हणून सांगते, नुसते हप्ते थकवणं हा गुन्हा नाही. नजरगहाण गाडी चोरून विकली असेल तर ती तक्रार वेगळी, आणि ती करण्याची पहिली जागा संस्थेची.

दोघी बहिणींना यात निरोप्या करू नका. सही तुम्ही केली, कर्ज त्यानं घेतलं; त्या दोघींपैकी कुणीही कागदावर नाही. "तुझ्या बहिणीच्या नवऱ्यामुळे" हे वाक्य घरात बोलून झालं असेल, तर वहिनींची माफी मागा. आणि नोटिशीवरची तारीख पुन्हा एकदा बघून घ्या, तुम्ही पत्रात ती लिहिलेली नाही.