घरच्यांसोबत गाणाऱ्या मुलीनं सोलो करावं का?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: आई-बाबा आणि तुम्ही दोघी बहिणी मिळून भावगीतं-अभंगांचे कार्यक्रम करता, बहुतेक गाणी पुढे तुम्हीच गाता, आणि लोक म्हणतात की आता घरच्यांना सोडून सोलो कर. असं करून मोठी झालेली कुणी गायिका आहे का?

मोठी झालेली आहे. घरच्यांना मात्र तिनं सोडलं नाही, म्हणून तर तिच्याबद्दल लिहितोय. अमेरिकेतली कृष्णवर्णीय गायिका मेव्हिस स्टेपल्स. मी पुण्यात पेटीची साथ करतो. बाप-लेक, नवरा-बायको, बहिणी-बहिणी अशा घरगुती ग्रुपांबरोबर भरपूर वाजवलंय आणि हा प्रश्न ग्रीनरूममध्ये नेहमी कानावर येतो. दर वेळी मला हीच बाई आठवते.

मेव्हिसचे वडील रोबक, सगळे त्यांना पॉप्स म्हणत. जन्म 1914चा, मिसिसिपीतला. कापसाच्या मळ्यात काम करत वाढले आणि तिथल्याच ब्लूज गाणाऱ्यांचं ऐकून गिटार शिकले. 1936 मध्ये शिकागोला आले. कत्तलखान्यात, मग पोलादाच्या कारखान्यात राबले. संध्याकाळी चर्चची गाणी गाणाऱ्या एका संचात जायचे, पण तिथली मंडळी तालमीला धड यायची नाहीत. वैतागून त्यांनी तो संच सोडला आणि 1948 मध्ये घरच्या पोरांनाच शिकवायला घेतलं. क्लिओथा थोरली, मग पर्व्हिस, मग इव्हॉन आणि मेव्हिस.

शिकवायची पद्धत बघा. बाहेरच्या खोलीत मुलांना जमिनीवर गोल बसवायचं आणि गिटारच्या तारा छेडून एकेकाला त्याचा सूर द्यायचा. हा तुझा, हा तुझा, आता सोडायचा नाही. लहानपणी ते आणि त्यांची भावंडं मिसिसिपीत ज्या सुरांवर गायची, तेच सूर त्यांनी मुलांना वाटून दिले. पहिल्यांदा चर्चमध्ये गायले तेव्हा लोक सोडेचनात. पूर्ण बसलेलं गाणं एकच होतं, म्हणून पुन्हा पुन्हा तेच गायलं. घरी आल्यावर पॉप्सनी ठरवलं की आता आणखी गाणी बसवायला हवीत.

सुरुवातीला पुढचा आवाज पर्व्हिसचा होता. वयात आल्यावर त्याचा आवाज फुटला आणि ती जागा मेव्हिसकडे आली. तिला नको होती. तिला खालचा सूर धरून मागे उभं राहायला आवडायचं. पण 1956 मध्ये त्यांची ‘अनक्लाउडी डे’ ही रेकॉर्ड गाजली आणि तिचा खर्जातला, भरलेला आवाज रेडिओवर ऐकून लोक म्हणायला लागले, ही मुलगी असूच शकत नाही, पुरुष असणार किंवा कुणी थोराड बाई. तेव्हा ती सतरा वर्षांची होती.

आता तुमच्या कामाचा भाग. ती रेकॉर्ड मिळवून ऐका. पहिल्यांदा ऐकताना फक्त मेव्हिस ऐकू येईल. दुसऱ्यांदा गिटारकडे कान द्या, पॉप्सची गिटार पाण्यावर तरंग उठावेत तशी थरथरत असते आणि ठेक्यापेक्षा किंचित मागे रेंगाळते. तिसऱ्यांदा ऐकाल तेव्हा क्लिओथा सापडेल. तिचा वरचा, थोडा धारदार सूर चांदणीसारखा एका जागी ठाम असतो. तो तिथे आहे म्हणूनच मेव्हिस ओळ मध्येच तोडते, गुरगुरते, श्वास घेते, तीच अक्षरं चार वेळा घोळवते, तरी गाणं कुठे सांडत नाही. मागचं धरून ठेवलेलं असलं तरच पुढच्याला एवढी मोकळीक मिळते.

आपल्याला हे नवीन नाही. पालख्या पुण्यात मुक्कामाला असतात तेव्हा नाना पेठेत निवडुंग्या विठोबाच्या आसपास उभं राहून भजन ऐका. पुढे गाणारा चरण घेतो, उंच जातो, आणि ध्रुपद, म्हणजे पुन्हा पुन्हा येणारी ओळ, धरणारे टाळकरी त्याला परत जागेवर आणतात. नाव पुढच्याचं होतं, पण ध्रुपद ढिलं पडलं की तोही पडतो.

पुढे अमेरिकेच्या दक्षिणेतल्या मॉन्टगोमेरी शहरात पॉप्सनी मार्टिन ल्यूथर किंग यांचं प्रवचन ऐकलं. मुलांना त्यांनी सांगितलं, हा माणूस जे सांगतोय तेच आपल्याला गाता येईल. तिथून हे कुटुंब नागरी हक्कांच्या चळवळीत उतरलं. 1957 मध्ये लिटल रॉक गावात गोऱ्यांच्या शाळेत नऊ कृष्णवर्णीय मुलांना अडवलं होतं, त्यावर पॉप्सनी लिहिलेलं गाणं किंग यांचं फार आवडतं होतं. 1965 मध्ये मतदानाच्या हक्कासाठी सेल्मा ते मॉन्टगोमेरी मोर्चा झाला आणि काही आठवड्यांतच त्यावरचं गाणं त्यांनी शिकागोच्या एका चर्चमध्ये लोकांसमोर गाऊन रेकॉर्ड केलं. दक्षिणेत रात्रीबेरात्री गाडीनं हिंडणं कृष्णवर्णीय कुटुंबाला धोक्याचं होतं, तरी बाप मुलांना घेऊन हिंडत राहिला.

आता सोलोचं. मेव्हिसचा पहिला सोलो अल्बम 1969 मध्ये आला, दुसरा 1970 मध्ये. दोन्ही घरच्या संचात असतानाच. गायलीय सुंदर, पण गाजावाजा झाला नाही. आणि लगेच 1972 मध्ये घरच्यांसोबतचं गाणं अमेरिकेत पहिल्या क्रमांकावर गेलं. 1975 मध्ये पुन्हा एक. म्हणजे सोलो करून पाहिलं, परत घरच्यांबरोबर गायली, आणि कुणी कुणाला सोडलं नाही. पुढचा काळ मात्र कठीण होता. त्यांची रेकॉर्ड कंपनी बुडाली, मागणी ओसरली. प्रिन्स या तेव्हाच्या मोठ्या पॉप गायकानं तिच्यासाठी दोन अल्बम केले, तेही फार चालले नाहीत.

2000च्या डिसेंबरात पॉप्स गेले आणि मेव्हिसचं गाणं थांबलं. ज्या गिटारीवर लहानपणापासून सूर लावला ती नाही, तर लावायचा कशावर? तेव्हा इव्हॉननं तिला हलवून उठवलं. मला या सगळ्या कहाणीत इव्हॉनबद्दल सर्वांत जास्त आदर वाटतो. तिला प्रसिद्धीची हौस नव्हती. भाऊ सैन्यात गेला तेव्हा त्याच्या जागी उभी राहिली, तो कायमचा बाहेर पडला तेव्हा पुन्हा आली, संचाचे व्यवहार सांभाळले, आणि धाकटी बहीण सोलो गायला लागल्यावर तिच्या मागे कोरसला उभी राहिली. मेव्हिसनं 2004चा अल्बम स्वतःचे पैसे घालून केला. पहिलं ग्रॅमी मिळालं 2011 मध्ये, वयाच्या एकाहत्तराव्या वर्षी. त्या वर्षांतल्या मैफलींचे व्हिडिओ बघितलेत तर मागे इव्हॉन दिसेल. ती 2018 मध्ये गेली.

पॉप्सनी शेवटच्या दिवसांत काही गाणी रेकॉर्ड केली होती आणि हे हरवू नकोस असं मेव्हिसला बजावलं होतं. तिनं ती जपली, अपुरी होती ती पुरी करून घेतली आणि 2015 मध्ये त्यांच्या नावानं अल्बम काढला. तोवर तिचं स्वतःचं नाव एवढं मोठं झालं होतं की त्या जोरावर बापाचं काम लोकांपर्यंत गेलं.

आपल्या गावातलं उदाहरण हवं असेल तर शास्त्रीय गायिका हिराबाई बडोदेकर आणि सरस्वतीबाई राणे. दोघी सख्ख्या बहिणी, दोघींच्या कारकिर्दी स्वतंत्र, आणि पुढे दोघींनी एकत्र बसून जुगलबंदी गायली. एकीचं नाव झालं म्हणून दुसरीला गप्प बसावं लागलं नाही.

तेव्हा माझं स्पष्ट मत: सोलो जरूर करा, पण घरचा ग्रुप मोडून नको. वर्षातले एक-दोन कार्यक्रम फक्त तुमच्या नावानं लावा. पुण्यात छोट्या सभागृहात शंभर-दीडशे लोकांसमोर सुरुवात करता येते. घरच्या कार्यक्रमाच्या तारखा मात्र आधी लिहून ठेवा. मानधनाचं आत्ताच बोलून घ्या, कारण पुढच्या आवाजाला शाल-श्रीफळ आणि मागच्यांना नुसता चहा, यावरून घरं दुरावताना मी पाहिलीत. दोन-तीन गाणी बहिणीला पुढे गायला द्या आणि तुम्ही मागे सूर धरा. मागे उभं राहून शिकायला मिळतं ते पुढे राहून मिळत नाही.

आणि निर्णय घ्यायच्या आधी एक करा. पुढच्या कार्यक्रमात साउंडवाल्याला सांगून प्रत्येक माइकचं वेगळं रेकॉर्डिंग घ्या. घरी आल्यावर बहिणीचा आणि आईचा माइक बंद करून तुमचा सगळ्यात टाळ्या घेणारा अभंग ऐका, मग एकेक माइक चालू करत जा. कुठल्या जागा तुमच्या एकटीच्या आहेत आणि कुठल्या त्यांच्यामुळे रंगतात ते नीट लिहून काढा. सोलोसाठी गाणी निवडताना पहिली यादी लागेल, आणि कोरसला कोण हवं हे दुसरी यादी सांगेल.