एका प्रकारच्या रेसिंगमधला चॅम्पियन दुसऱ्या प्रकारात का अडखळतो?

तुमच्या प्रश्नात खरं तर दोन प्रश्न आहेत. पहिला असा, की किमी रायकोनेन २००७ चा फॉर्म्युला वन विश्वविजेता. तो २०१० आणि २०११ अशी दोन वर्षं जागतिक रॅली स्पर्धेत होता, तरी तिथे एकही रॅली जिंकला नाही. उलट रॅलीतला विश्वविजेता सेबास्तियां लोएब २००६ मध्ये फ्रान्समधल्या ल माँच्या २४ तासांच्या शर्यतीत दुसरा आला. हे कसं? आणि दुसरा, तुमचा चुलतभाऊ फोंडा घाटातून रोज एसटी चढवतो-उतरवतो, तो रॅलीत चालेल का? दुसऱ्याकडे शेवटी येतो, कारण त्याचं उत्तर पहिल्यात अडकलेलं आहे.

आधी सांगून टाकतो, मी रेसर नाही. कुडाळला ड्रायव्हिंग स्कूल चालवतो आणि रेसिंग हौसेने बघतो. पण एका गाडीवर हात बसलेला माणूस दुसऱ्या गाडीत बसला की काय होतं, ते मी शेजारच्या सीटवरून, माझ्या बाजूच्या ब्रेकवर पाय ठेवून, बरंच पाहिलंय.

आयुष्यभर चिऱ्याचा ट्रक चालवलेले एक काका आमच्याकडे आले होते. मुलाने ऑटोमॅटिक गाडी घेतली होती, ती शिकायची होती. स्टिअरिंग, आरसे, समोरच्याचा अंदाज, सगळं माझ्यापेक्षा सरस. पण थांबायची वेळ आली की डावा पाय आपसूक क्लच शोधायला निघायचा, आणि त्या जागी असायचं रुंद ब्रेक पेडल. ट्रकचा क्लच दाबायच्या ताकदीने ब्रेक दाबला की गाडी जागीच खिळायची आणि आम्ही दोघे पट्ट्यात लटकायचो. “मास्तरांनू, ह्येचो क्लच खंय गेलो?” कॉलेजातली मुलगी शिकायला येते तिचा डावा पाय निवांत पडून असतो. काकांना ड्रायव्हिंग येत होतं, म्हणूनच त्यांचा पाय जात होता.

रेसिंगमध्येही नेमकं हेच होतं, फक्त ताशी २०० किलोमीटरच्या वर. कौशल्य जातं तशी त्याच्याबरोबर सवयही जाते, आणि ड्रायव्हर जितका मुरलेला तितकी ती सवय खोल.

ब्रेकचंच घ्या. फॉर्म्युला वनच्या गाडीला हवा वरून रस्त्यावर दाबून धरते. हा दाब वेगाच्या वर्गाप्रमाणे बदलतो, म्हणजे वेग निम्मा झाला की दाब चौथाईवर येतो. त्यामुळे ३०० च्या वेगात ड्रायव्हर पहिल्या क्षणाला सगळी ताकद लावून ब्रेक दाबतो, कारण टायर तेव्हाच सर्वात घट्ट चिकटलेले असतात. आणि वेग उतरेल तसा पाय हलका करत नेतो, नाहीतर चाकं लॉक होतात. खडीच्या रस्त्यावर रॅलीची गाडी चालवताना असा पाय मारलात तर गाडी सरळ झाडात. तिथे आधी हलका ब्रेक देऊन वजन पुढच्या चाकांवर आणायचं, वळण यायच्या आधीच गाडी आडवी करायची, उजवा पाय अॅक्सिलरेटरवर असतानाच डाव्याने ब्रेक चेपत तिला घसरत घसरत वळणात सोडायची. दोन्हीला आपण ब्रेक मारणंच म्हणतो, पण पाय करतात ते जवळजवळ उलटं.

तरी रायकोनेनची अडचण पायांची होती असं मला वाटत नाही. गडी फिनलंडचा, आणि हे पाय तो शिकला. अडचण होती कानांची.

सर्किटवर, म्हणजे फिरून तिथेच येणाऱ्या बंद ट्रॅकवर, तेच वळण पुन्हा पुन्हा येतं. मोनाकोच्या फॉर्म्युला वन शर्यतीत ७८ फेऱ्या, वर सराव वेगळा. ब्रेक कुठे मारायचा ते डोळे हळूहळू पक्कं करतात आणि मग मीटर-मीटरने पुढे सरकवतात. रॅलीत टप्पा आधी साध्या वेगाने फक्त दोनदा बघायला मिळतो. त्या दोन खेपांत ड्रायव्हर बोलतो आणि नेव्हिगेटर लिहून घेतो: किती मीटर सरळ, मग डावं की उजवं, किती तीव्र, पुढे आवळत जातं का, कडेला दगड आहे का, उंचवट्यानंतर रस्ता कुठे वळतो. खऱ्या धावेत नेव्हिगेटर हे वाचतो आणि ड्रायव्हर न दिसलेल्या वळणात, ऐकलेल्या शब्दावर, गाडी फेकतो.

आपल्याकडे याच्या जवळ जाणारी गोष्ट म्हणजे आंबोली घाटातला क्लीनर. जुलैत धुकं असं उतरतं की बॉनेटच्या पुढचं दिसत नाही. तेव्हा क्लीनर डाव्या खिडकीतून कमरेपर्यंत बाहेर येतो, एक हात दारावर आपटत राहतो: “येवंदे, येवंदे... मोरी इली, उजवीक घे...” ड्रायव्हर त्या आवाजावर ट्रक नेतो. नवीन क्लीनर असेल तर तोच ड्रायव्हर तोच घाट निम्म्या वेगाने उतरतो, कारण “थोडं घे” म्हणजे याचं थोडं किती, हे त्याला अजून कळलेलं नसतं.

रायकोनेनचा नेव्हिगेटर, काई लिंडस्ट्रॉम, चांगला मुरलेला होता, पूर्वी रॅली चॅम्पियन टॉमी मॅकिनेनच्या शेजारी बसलेला. पण नोट्स नेव्हिगेटरच्या नसतात, ड्रायव्हरच्या असतात. हळू जाताना रस्ता बघून ‘हे वळण पूर्ण वेगात निघेल’ असं बोलायचं, आणि दुसऱ्या दिवशी स्वतःच्याच त्या शब्दावर विश्वास ठेवायचा, हे शिकायला रॅलीतल्या पोरांची अख्खी तरुणाई जाते. रायकोनेनने ते तिशीत सुरू केलं. गाड्या उलटल्या, टप्पे सुटले. २०१० च्या तुर्कस्तान रॅलीतला पाचवा क्रमांक हीच त्याची सर्वोत्तम कामगिरी. त्याच वर्षी जर्मनीत त्याने एक टप्पा जिंकला, आणि जर्मनीची रॅली डांबरावरची होती, हे लक्षात घ्या. २०१२ ला तो फॉर्म्युला वनमध्ये परतला, अबू धाबीची शर्यत जिंकला आणि वर्षाअखेर गुणतक्त्यात तिसरा राहिला. हात कुठे गंजले नव्हते.

हे काही नवीन नाही. जिम क्लार्क, ज्याने १९६५ मध्ये एकाच वर्षी फॉर्म्युला वनचं विजेतेपद आणि अमेरिकेतली ५०० मैलांची शर्यत इंडियानापोलिस ५०० दोन्ही घेतलं, तो १९६६ ला ब्रिटनच्या आरएसी रॅलीत लोटस कॉर्टिना घेऊन उतरला. काही टप्प्यांवर बाकीच्यांना थक्क करणारा वेग, आणि शेवटी गाडी उलटून बाहेर. वेग पहिल्या दिवशीच आला, पुढच्या वळणाची खबर यायला वेळ लागतो.

आता लोएबची दिशा बघा. तो अवघड खबरीतून सोप्या खबरीकडे गेला. ल माँचा रस्ता एक फेरी मारली की पुन्हा तोच. न दिसणाऱ्या वळणांवर वर्षानुवर्षं काढलेल्या माणसाला दिसणारं वळण म्हणजे सुट्टीच. त्यात भिजलेला, अर्धा सुकलेला, मातीने माखलेला रस्ता चाकांखाली ओळखायची सवय. ही ओळख मात्र सगळीकडे जाते, आणि माझ्या मते ड्रायव्हरकडे असलेली सर्वात मोलाची चीज हीच. पहिल्या पावसानंतर आमच्याकडे मोऱ्यांजवळ जांभ्याची लाल माती डांबरावर सायीसारखी पसरते. वरून फक्त रंग बदललेला दिसतो. शिकाऊ माणूस तिथे तोच वेग ठेवतो. जाणता माणूस स्टिअरिंग हलकं लागायच्या आधीच पाय उचलतो. त्याला विचारलं की कसं कळलं, तर सांगता येत नाही.

पण म्हणून रॅलीवाले थोर आणि सर्किटवाले लाडावलेले, असा निष्कर्ष काढू नका. आपल्याकडच्या फॅन मंडळींत हा वाद दर सहा महिन्यांनी उकरला जातो आणि मला त्याचा कंटाळा आलाय. लोएबने २००८ च्या शेवटी बार्सिलोनात रेड बुल टीमची फॉर्म्युला वन गाडी चालवून पाहिली, त्या दिवशी तो आठवा होता. फार चांगलं, पण आठवा. पुढच्या वर्षी अबू धाबीत त्याला शर्यतीत उतरायचं होतं, तर एफआयएने, म्हणजे रेसिंगच्या जागतिक संघटनेने, त्यासाठी लागणारा परवाना, सुपर लायसन्स, दिला नाही. उतरला असता तर चाकाला चाक लावून झुंजायचं होतं, आणि रॅलीत तुमच्या शेजारी दुसरी गाडीच नसते. घड्याळाशी लढत असते. त्याची दोन्ही बाजूंची कमाई एकत्र दिसते ती २०१३ च्या पाइक्स पीकला: अमेरिकेतला सुमारे २० किलोमीटरचा, १५६ वळणांचा डोंगरी रस्ता, मोठाले पंख लावलेली प्यूजो, आणि वेळ ८ मिनिटं १३.८७८ सेकंद. आदल्या विक्रमापेक्षा दीड मिनिटाने कमी.

नॅस्कारचं, म्हणजे अमेरिकेतल्या जड, बंद गाड्यांच्या शर्यतींचं, उदाहरण तर माझ्या खूप आवडीचं. २०२३ च्या जुलैत शिकागोच्या रस्त्यांवर, पावसाने ओल्या झालेल्या, पहिल्यांदा नॅस्कारची शर्यत झाली. न्यूझीलंडचा शेन व्हॅन गिसबर्गन नॅस्कारच्या सर्वात वरच्या मालिकेतली, म्हणजे कपची, आयुष्यातली पहिली शर्यत चालवायला आला आणि जिंकून गेला. पदार्पणात जिंकणारा ६० वर्षांतला पहिलाच. जादू नव्हती. ऑस्ट्रेलियाच्या सुपरकार्स मालिकेत तो अशाच जड, आठ सिलिंडरच्या गाड्या शहरांच्या रस्त्यांवर भिंतीला घासत चालवून तीनदा चॅम्पियन झालेला. म्हणजे गाडी बदलली, काम तेच. गंमत अशी की वळणांच्या ट्रॅकवर तो ब्रेक उजव्या पायाने मारतो; नॅस्कारमधले बहुतेक डाव्याने. कोणी त्याची सवय मोडायला गेलं नाही हे बरं झालं.

आणि हाच माणूस २०२५ मध्ये पाच शर्यती जिंकला, पाचही वळणावळणाच्या ट्रॅकवर. ओव्हलवर, म्हणजे अंडाकृती ट्रॅकवर, तो मागच्या गर्दीतच जास्त दिसला. ओव्हल म्हणजे नुसतं डावीकडे वळत राहायचं असं आपण हसत म्हणतो, पण तिथे चाळीस-एक गाड्या हातभर अंतरावर, पुढच्या गाडीच्या मागची हवा सारखी बदलणारी, आणि छतावरून बघणारा स्पॉटर कानात सांगतोय की आत गाडी आहे, बाहेर मोकळं आहे. पुन्हा कानच. कोलंबियाचा ह्वान पाब्लो मोंतोया इंडियानापोलिस ५०० आणि मोनाको दोन्ही जिंकलेला, नॅस्कारमध्ये सात वर्षं राहिला आणि दोनदा जिंकला, दोन्हीदा वळणांच्या ट्रॅकवर. उलट नॅस्कारचा सात वेळचा चॅम्पियन जिमी जॉन्सन इंडीकार या अमेरिकेतल्याच उघड्या चाकांच्या गाड्यांच्या मालिकेत गेला, तिथे जवळपास निम्म्या वजनाची गाडी. वळणांच्या ट्रॅकवर तो शेवटच्या ओळीत, आणि २०२२ ला आयोवाच्या ओव्हलवर पाचवा. माणूस गाडीपेक्षा रस्त्याला जास्त बांधलेला असतो, असं मला यावरून वाटतं.

निकालात टीमचा वाटा केवढा, हेही विसरू नका. फर्नांडो अलोन्सोने २०१७ मध्ये पहिल्याच इंडियानापोलिस ५०० मध्ये २७ फेऱ्या आघाडी घेतली, शेवटाकडे इंजिन गेलं. २०१९ ला तोच अलोन्सो तिथे पात्रही ठरू शकला नाही. दोन वर्षांत तो ड्रायव्हिंग विसरला नव्हता. आणि आपला नारायण कार्तिकेयन, २००५ मध्ये फॉर्म्युला वनमध्ये उतरलेला पहिला भारतीय, २०१० ला नॅस्कारच्या ट्रक मालिकेत मार्टिन्सव्हिलला पहिल्याच शर्यतीत तेरावा आला. याची आपल्याकडे फारशी चर्चाच झाली नाही.

आता तुमचा चुलतभाऊ. घाटात रोज एसटी नेणाऱ्याकडे जे असतं ते मी विकत घ्यायला तयार आहे: मागचं वजन पाठीला कळणं, गिअरवर उतरून ब्रेक थंड ठेवणं, तीन वळणं पुढची गाडी आवाजावरून ओळखणं. हे सगळं त्याच्याबरोबर जाईल. पण एसटीवाल्याचं सगळं कसब टायर कधीच सुटू नयेत यासाठी असतं. चाळीस माणसं मागे बसलेली असतात. रॅलीत टायर सुटलेलेच असतात आणि त्या सुटलेल्या अवस्थेत गाडी चालवायची असते. पहिल्यांदा मागचं चाक घसरलं की त्याचा पाय आपोआप अॅक्सिलरेटरवरून उठेल, आणि इंजिनची ताकद पुढच्या चाकांना जाते अशा गाडीत तिथेच ती गरकन फिरेल. काकांच्या क्लचसारखीच ही सवय, सुटायला वेळ घेईल. वय पंचविशीच्या आत असेल तर मी हो म्हणेन, पस्तिशीच्या पुढे असेल तर हौस म्हणून जरूर करू दे.

कुठून सुरुवात करायची तर घाट चढून कोल्हापूर. तिथे कार्टिंगचा, म्हणजे छोट्या उघड्या रेसिंग गाड्यांचा, ट्रॅक आहे. कार्टला सस्पेन्शन नसतं, त्यामुळे घसरण थेट कमरेला कळते, आणि चूक झाली तर फारतर टायरच्या भिंतीत जाल. मग एखाद्या क्लबची ऑटोक्रॉस, मोकळ्या मैदानात, एका वेळी एकच गाडी. परवाना एफएमएससीआयचा, म्हणजे भारतातल्या मोटर स्पोर्ट संघटनेचा, लागतो, तो क्लबवाले समजावून देतील. मोकळ्या घाटात रात्री सराव करू नये, हे एसटीच्या माणसाला मी सांगायची गरज नाही, पण त्याच्या मित्रांना सांगा.

आणि शेजारी बसायला तुम्ही तयार असाल तर नोट्स मालवणीत लिहा. लोएब आणि त्याचा नेव्हिगेटर फ्रेंचमध्येच बोलत. नियमाला भाषेशी घेणं नाही, त्या दोघांना अर्ध्या सेकंदात कळलं म्हणजे झालं.