लाल मातीचा पहिला आठवडा

अरे, फायनलची वाट बघत बसू नकोस. फ्रेंच ओपन टेनिसची खरी मजा पहिल्या दोन फेऱ्यांत. पुरुष एकेरीतच १२८ खेळाडू, आणि पहिली फेरी रविवारपासून तीन दिवस चालते. पॅरिसात सकाळचे ११ म्हणजे आपल्या सांगलीत दुपारचे अडीच. रात्रीची मॅच सुरू व्हायला इकडं पावणेबारा होतात. ती मी सोडतो, सकाळी दूध आणायला मलाच जावं लागतं.

एकच मॅच धरून बस. सारखा चॅनेल बदललास तर हाती काही लागत नाही. मोठ्या कोर्टावर नामांकित खेळाडू बऱ्याचदा झटपट उरकतो. बाजूच्या कोर्टावर बिनमानांकित, म्हणजे क्रमवारीत खालचे, दोघं झुंजत असतील, तिकडं बघ. ही माती तालमीतली नव्हे, वर विटांचा चुरा असतो. चेंडू मंदावतो, उंच उसळतो, त्यामुळं नुसत्या सर्व्हिसवर निभत नाही. म्हणून नजर पायांवर ठेव, कुस्तीत ठेवतोस तशी. कोण घसरत जाऊन तोल सावरतो, ते कळलं की निम्मा खेळ कळला.

२००४ साली पहिल्याच फेरीत फ्रान्सचेच दोघं, सांतोरो आणि क्लेमां, ६ तास ३३ मिनिटं खेळले, दोन दिवस मिळून. पाचवा सेट १६-१४! भडंगाचा डबा जवळच ठेव, मधे उठवत नाही.