टाके घातलेलं तोंड कसं सांभाळायचं
डॉक्टर, सांगलीत दवाखाना सुरू केलात, छान केलंत! अक्कलदाढेच्या टाक्यांबाबत सुरुवातीला एवढं सांभाळा.

रेशमी टाका विणलेला असतो, वातीसारखा लाळ आणि जंतू आत ओढतो. म्हणून क्लोरहेक्सिडीन, म्हणजे चूळ भरायचं जंतुनाशक औषध, द्यायचं. पण पहिले 24 तास चूळ नको, रक्ताची गुठळी निघून येते. नवीन माणसाकडून हेच सांगायचं राहतं.

– 0.2 टक्क्यांचं 10 मिली, मिनिटभर, दिवसातून दोनदा. जोरात खुळखुळायचं नाही.
– ब्रशनंतर अर्धा तास थांबून. पेस्टमधल्या फेसाच्या घटकाने औषधाचा जोर कमी होतो.
– चूळ जमत नसेल तर जेल, कापसाच्या काडीने हलकेच.

आजींना मिश्रीबद्दल आवर्जून विचारा, आपणहून त्या सांगत नाहीत. या औषधावर चहा घेतला की दातांवर तपकिरी डाग पडतील हेही आधीच सांगा, नाहीतर पेशंट घाबरून औषध सोडतो. रेशमी टाके काढायला आठवड्याने बोलवाच.