मॉर्फिन रडण्याची वाट बघून द्यायचं नसतं

ताई, तुम्ही लिहिलेलं दोनदा वाचलं. भाची ९ वर्षांची, मांडीच्या हाडाचा इविंग सार्कोमा म्हणजे हाडाचा कॅन्सर, आता फुप्फुसांत पसरलाय. मुंबईच्या डॉक्टरांनी दुखणं कमी करणाऱ्या मॉर्फिनच्या गोळ्या देऊन कराडला घरी पाठवलंय. पण वहिनी गोळी अगदीच सहन होईना तेव्हाच देतात, कारण आजी म्हणतात सवय लागेल, नाहीतर पोर झोपेतच जाईल. धाप लागते, जेवण सुटलंय, आणि परवा तिने विचारलं, "मी बरी होणार ना?"

मी १६ वर्षं मुंबईत घरोघरी जाऊन पॅलिएटिव्ह केअरची, म्हणजे बऱ्या न होणाऱ्या आजारात त्रास कमी करण्याच्या सेवेची, नर्स म्हणून काम करते. हातून केलंय तेवढंच सांगते. डोस लिहिणार नाही, तो वजनावर आणि आजवर काय दिलंय त्यावर ठरतो, तुमच्या डॉक्टरांनाच विचारायचा.

आधी मॉर्फिन, कारण आज रात्रीपासून बदलता येईल अशी गोष्ट तीच आहे. साध्या गोळीचा असर साधारण ४ तास टिकतो. दुखायला लागल्यावर दिली तर लागू पडायला अर्धा तास तरी जातो, आणि तोवर दुखणं इतकं चढतं की मग तेवढी गोळी पुरत नाही. म्हणून चिठ्ठीवर 'दर ४ तासांनी' असेल तर दर ४ तासांनीच द्या. ती टीव्ही बघत असली तरी, आणि रात्रीचा डोस लिहिला असेल तर झोपेतून उठवूनसुद्धा. मधेच कळ आली तर द्यायचा जादा डोस डॉक्टरांकडून वेगळा लिहून घ्या. दिवसातून ३-४ वेळा तो लागायला लागला तर नेहमीचा डोस कमी पडतोय, लगेच कळवा.

चेंबूरच्या एका चाळीत एका मुलाचे बाबा गोळ्यांची पट्टी देव्हाऱ्याच्या वरच्या फळीवर ठेवायचे, 'अगदीच वेळ आली तर' म्हणून. मी गेले तेव्हा पोरगा भिंतीकडे तोंड करून, पाय पोटाशी घेऊन, चादरीचं टोक दातांत धरून पडला होता. आईने विचारलं, दुखतंय का रे? म्हणाला, नाही. ती पाणी आणायला उठली तसा मला हळूच म्हणाला, "दुखतंय सांगितलं की आई मोरीत जाऊन रडते." त्या संध्याकाळपासून बाबा भिंतीवरच्या कालनिर्णयात त्या दिवसाच्या चौकटीत प्रत्येक गोळीची एक उभी रेघ मारू लागले, दिवसाच्या सहा. तिसऱ्या दिवशी पोराने पत्ते मागितले.

म्हणून मुलाच्या 'नाही'वर विसंबू नका. कपाळाला आठ्या, आखडलेले पाय, अंगाला हात लावू न देणं, आवडता मोबाईलही नकोसा होणं, एरवी बडबडी पोर एकदम गप्प होणं, हे सगळं दुखणंच समजायचं. वहीत हसऱ्यापासून रडक्यापर्यंत सहा चेहरे काढा आणि आत्ता यातला कुठला ते बोटाने दाखवायला सांगा. ९ वर्षांची मुलगी अगदी बरोबर दाखवते. मांडीत 'करंट मारल्यासारखं' किंवा 'आग होते' म्हणाली तर तेच शब्द डॉक्टरांना सांगा. ते नसेचं दुखणं असू शकतं, त्याला गॅबापेंटिनसारखं वेगळं औषध जोडावं लागतं.

आजींना सांगा, दुखण्यासाठी मोजून दिलेल्या मॉर्फिनने व्यसन लागत नाही. शरीराला त्याची सवय होते हे खरं, म्हणून ते एकदम बंद मात्र करायचं नाही. आणि ते पोरीला नेत नाही, आजार नेतोय. पहिले २-३ दिवस ती जास्त झोपेल, कित्येक रात्रींची झोप राहिलेली असते. हाका मारून, हलवूनही जागी होत नाही, श्वास फारच मंद झालाय, डोळ्यांची बाहुली टाचणीच्या टोकाएवढी दिसते, असं झालं तर पुढचा डोस थांबवा आणि लगेच डॉक्टरांना फोन करा. झोपेची गोळी, खोकल्याचं सिरप काहीही आपल्या मनाने सोबत देऊ नका.

पोट साफ होण्याचं औषध मॉर्फिनसोबत पहिल्या दिवसापासून रोज हवं. हे सांगायचं राहून जातं, आणि मग खडा धरून पोट इतकं दुखतं की मुलं मॉर्फिनच नको म्हणतात. सुरुवातीला मळमळ होते, तिचंही औषध मागून ठेवा. कुणी 'मॉर्फिन कशाला, कोडीन द्या' म्हणालं तर ऐकू नका. साध्या वेदनाशामकानंतर आणि मॉर्फिनच्या आधी कोडीन द्यायची ती मधली पायरी जागतिक आरोग्य संघटनेने २०१२ सालीच मुलांच्या वेदनांसाठी काढून टाकली आहे, कारण कोडीन काही मुलांना लागूच पडत नाही आणि काहींना नको इतकं लागू पडतं. मॉर्फिन साध्या मेडिकलमध्ये सहसा मिळत नाही. २०१४ साली एनडीपीएस, म्हणजे अमली पदार्थांचा कायदा बदलल्यापासून ते मान्यताप्राप्त संस्थांमधून मिळतं, म्हणून हातात आठवड्याभराचा साठा असतानाच पुढची सोय बघा. पुण्यात वारज्याला सिप्लाचं पॅलिएटिव्ह केअर सेंटर आहे, कराडहून ते मुंबईपेक्षा जवळ पडेल. आजच फोन करून विचारा.

धापेला पहिला इलाज पंखा. छोटा टेबलफॅन, वारा थेट गालांवर आणि नाकावर येईल असा. खिडकी उघडी, खोलीतली गर्दी कमी. पाठीला उशा लावून बसती ठेवा, नाहीतर वहिनींनी मागे बसून तिला छातीशी टेकवून घ्यावं, मुलांना ते उशांपेक्षा आवडतं. मॉर्फिनने धापही कमी होते, तसं डॉक्टरांशी बोला. छातीत पाणी साठलंय का हेही विचारा. ऑक्सिजनची पातळी चांगली असेल तर मास्कने फारसा फरक पडत नाही. ती तो ओढून काढत असेल तर बळजबरी नको.

जेवणाचं सांगताना मला अजूनही जड जातं. आपल्याकडे आईचं सगळं प्रेम घासात असतं. पण शरीर मिटत येतं तेव्हा त्याला अन्न पेलवत नाही. कोंबलं की उलटी होते, कधी ते श्वासनलिकेत जातं. मागेल तेव्हा चमचाभर पेज, बर्फाचा गोळा, काय म्हणेल ते. तोंड कोरडं पडू देऊ नका. ओल्या कापडाने तासा-दोन तासांनी ओठ, जीभ, हिरड्या पुसा, ओठांना तूप लावा (ऑक्सिजन चालू असेल तर तूप, व्हॅसलीन नको). ते काम वहिनींकडेच द्या. भरवायचं थांबलं तरी हातांना काहीतरी लागतं.

शेवटच्या दिवसांत हातपाय गार आणि निळसर होतील, लघवी कमी होईल, श्वास मधेच थांबून परत सुरू होईल. घशात घरघर वाजेल. ती ऐकणाऱ्याला फार लागते, पण गुंगीतल्या मुलाला तिचा त्रास बहुधा जाणवत नाही. कुशीवर वळवा, डोकं किंचित उंच. ती कमी करणारं औषध असतं. सतत नळी घालून कफ ओढणं टाळा. गिळता येईनासं झालं तर औषध कसं द्यायचं, झटका (फिट) आला तर नाकातला मिडाझोलामचा स्प्रे किती, रात्री फोन कुणाला, हे आत्ताच कागदावर लिहून घ्या. नाहीतर रात्री तीनला घाबरून ॲम्ब्युलन्स बोलावली जाते आणि पोर अनोळखी माणसांत, आयसीयूत जाते. मी हे खूप वेळा पाहिलंय, आणि दर वेळी वाटतं, एक कागद असता तर.

तिच्या प्रश्नाला लगेच 'हो गं बाळा' म्हणू नका. उलट विचारा, "तुला काय वाटतं?" या वयात मरण म्हणजे परत न येणं हे मुलांना कळत असतं. बहुतेकदा त्यांची खरी विचारणा दुसरीच निघते: दुखेल का, आई जवळ असेल का, माझी सायकल कुणाला देणार. दुखू देणार नाही आणि एकटी सोडणार नाही, ही दोन उत्तरं खरी आहेत, ती द्या.

अजून एक, घर भरलेलं असताना सुचत नाही म्हणून आत्ताच सांगते. घरी मृत्यू झाला तर दाखल्यासाठी डॉक्टरांचं नमुना ४अ हे प्रमाणपत्र लागतं. जवळच्या डॉक्टरांना आधीच हॉस्पिटलचे कागद दाखवून ठेवा.

आता आधी एक करा. गोळीच्या पट्टीवर नावापुढे 'एसआर' लिहिलंय का बघा. असेल तर ती १२ तासांची गोळी आहे, ती कुटून किंवा पाण्यात विरघळवून अजिबात द्यायची नाही, एकदम सगळं औषध अंगात जातं. पट्टीवर काय आहे आणि शेवटची गोळी किती वाजता दिली ते लिहा. मी जागी आहे.