नाटक न पाहताच परीक्षण लिहिणाऱ्या समीक्षकांवर कुणी विनोदी नाटक लिहिलंय का? आणि असं खरंच घडतं का?

दोन्ही प्रश्नांचं उत्तर ‘हो’ असंच आहे. आधी नाटकाबद्दल सांगतो, मग माझ्यासमोर घडलेली गोष्ट.

नाटक आहे रिचर्ड ब्रिन्स्ली शेरिडनचं ‘द क्रिटिक’. पहिला प्रयोग ३० ऑक्टोबर १७७९ ला लंडनच्या ड्रुरी लेन थिएटरात झाला. काळाचा अंदाज यावा म्हणून सांगतो, त्याच वर्षी जानेवारीत इकडे वडगावला इंग्रजांनी मराठ्यांपुढे हात टेकले होते. शेरिडन तेव्हा अठ्ठावीस वर्षांचा होता आणि ड्रुरी लेनचा कारभारही तोच बघत होता. म्हणजे वर्तमानपत्रातली स्तुती कुठून येते, कशी छापून आणतात, हे त्याला आतून माहीत होतं. म्हणून हे नाटक चिडून लिहिलेलं वाटत नाही, जाणकाराने लिहिलेलं वाटतं.

यात पफ नावाचं एक पात्र आहे. फुगवून केलेल्या जाहिरातवजा स्तुतीला इंग्रजीत हाच शब्द आहे, म्हणजे माणसाचा धंदा त्याच्या नावातच आला. हा पफ पहिल्या अंकाच्या दुसऱ्या प्रवेशात येतो आणि डँगल आणि स्नीअर या दोन नाटकवेड्यांना आपली कला समजावून सांगतो. लाजत नाही, लपवत नाही. गवयाने घराण्याची तालीम समजावून सांगावी तसं सांगतो. स्तुतीचे मुख्य प्रकार पाच, आणि त्यातला पहिला सरळ प्रकार असा: समजा एखाद्या मित्राचं नवं नाटक लागायचंय. प्रयोगाच्या आदल्या दिवशीच पफ लिहून टाकतो की प्रेक्षकांनी ते कसं उचलून धरलं. कथानक लेखकाकडून मिळतंच. त्यात आपण फक्त भर घालायची: पात्रं ठसठशीत, रंग गडद, हात कसलेला, विनोदाची खाण, संवाद खुसखुशीत. मग नटांकडे वळायचं. मिस्टर डॉड यांनी कमाल केली, मिस्टर पामर इतके कधीच खुलले नव्हते, आणि मिस्टर किंग यांच्याबद्दल तर काय लिहावं, शब्दच अपुरे आहेत.

हे वाचताना मी इथे थबकलो, कारण पहिल्या प्रयोगात डँगल झाला होता डॉड, स्नीअर झाला होता पामर, आणि पफच्या भूमिकेत होता स्वतः टॉमस किंग. ज्या तिघांची नावं तो घेतो ते तिघेही त्या क्षणी रंगमंचावर उभे आहेत, आणि किंग स्वतःच्याच तोंडाने सांगतोय की किंगचं वर्णन करायला शब्द अपुरे आहेत! पुढे पफ देखाव्यांसाठी ज्या द लूथरबूर्गची तारीफ करतो, त्यानेच या नाटकाचे पडदे रंगवले होते. त्या रात्री थिएटरात कसा हशा पिकला असेल, याचा मी अनेकदा विचार केलाय.

आता माझी गोष्ट. मी वीसेक वर्षं हौशी नाटकांची प्रकाशयोजना करतो. कराडहून आम्ही एक नाटक घेऊन चिपळूणला निघालो होतो. नाटकात जुना वाडा होता: दिंडी दरवाजा, गजांची खिडकी आणि मधोमध झोपाळा. हे सगळं आमच्या अण्णांनी, म्हणजे आमच्या सुताराने, महिनाभर राबून उभं केलं होतं. नट मंडळी गाडीने पुढे आली. नेपथ्याचा टेम्पो कुंभार्ली घाटात बंद पडला, क्लचप्लेट गेली. अण्णा टेम्पोतच होते. संध्याकाळी सहाला त्यांचा फोन आला, ‘तुम्ही सुरू करा, मी काही पोचत नाही.’

सुरू केलं. काळे पडदे, ऑफिसातून मागून आणलेल्या चार लाकडी खुर्च्या आणि एक स्टूल. पहिल्या घंटेआधी दिग्दर्शकाने पडद्यापुढे येऊन प्रेक्षकांना हात जोडून सांगितलं की वाडा घाटात अडकलाय, तो तुम्ही मनात उभा करा. मी खोक्याचा पुठ्ठा कापून पट्ट्या केल्या आणि स्टँडला बांधून एका स्पॉटसमोर धरल्या. मागच्या काळ्या पडद्यावर काही उमटेना, पण जमिनीवर खिडकीच्या गजांची सावली पडली.

आणि आजीचं काम करणाऱ्या आमच्या काकूंनी त्या रात्री जे केलं ते मी विसरणार नाही. त्यांचा सगळा दुसरा अंक झोपाळ्यावर बसून होता. त्या स्टुलावर बसल्या, एक पाय जमिनीला टेकवला आणि बोलता बोलता अंग किंचित पुढे-मागे नेऊ लागल्या. वाक्य संपेल तिथे झोका थांबायचा. राग आला की टाच आपटून पुन्हा सुरू. दहा मिनिटांत सभागृहाला झोपाळा दिसायला लागला होता. शेवटी त्या स्टुलावरून उठल्या तेव्हा रिकामा झोपाळा हलत राहावा तसा हात मागे करून त्यांनी तो थांबवला. टाळ्या पडल्या. मी लाइटच्या बोर्डावर होतो आणि मला पुढचा क्यू द्यायचं भान राहिलं नाही.

तिसऱ्या दिवशी तिथल्या एका दैनिकात परीक्षण आलं. ‘वाड्याचे हुबेहूब नेपथ्य हे प्रयोगाचे खास आकर्षण. झोपाळ्याचा दिग्दर्शकाने कल्पक वापर केला आहे. प्रकाशयोजना पूरक, पार्श्वसंगीत समर्पक. सर्वच कलाकारांनी भूमिकांना न्याय दिला.’ आमच्या सेक्रेटरीने चार दिवस आधी पाठवलेली प्रेसनोट आणि हे परीक्षण शेजारी ठेवलं तर नेपथ्याचं वाक्य जसंच्या तसं होतं. कथानक लेखकाकडून मिळतं, असं पफ म्हणतो ना, अगदी तेच.

अण्णांनी ते दोनदा वाचलं, घडी घातली आणि काही न बोलता टेम्पोच्या सीटखाली ठेवून दिलं.

लोकांना वाटतं अशा वेळी नाटकवाल्याला राग येतो तो खोटेपणाचा. माझं तसं नाही. स्तुतीच होती, आमचं काही बिघडलं नाही, उलट पुढच्या प्रयोगाचा बोर्ड लावायला उपयोगच झाला. मला वाईट वाटलं ते काकूंच्या स्टुलाचं. नाटकाचा प्रयोग रात्री साडेबाराला संपला की संपला. दुसऱ्या दिवशी त्याचं जे काही उरतं ते वर्तमानपत्राच्या त्या पाच इंचांत. आमच्या त्या रात्रीचं कायमचं जे उरलं, त्यात नसलेला वाडा आहे आणि काकू नाहीत.

‘द क्रिटिक’ मला इतकं जवळचं वाटतं ते यामुळे. शेरिडनने बोट ठेवलंय ते शब्दांवर. पफची विशेषणं कुठल्याही नाटकाला चालतात, म्हणून नाटक पाहायची गरज उरत नाही. आपल्याकडची यादी तुम्हालाही पाठ असेल: नेटके नेपथ्य, पूरक प्रकाशयोजना, समर्पक संगीत, भूमिकेला न्याय, एकदा तरी पाहावे असे नाटक. प्रामाणिकपणे तिन्ही अंक बसून पाहणारी माणसंही हेच लिहितात, हे मला जास्त खुपतं. खुर्चीत बसलेला आणि घरी बसलेला यांचं परीक्षण सारखंच उतरत असेल तर वाचणाऱ्याने ओळखायचं कसं? मी एक गोष्ट शोधतो: त्या रात्री तिथे असल्याशिवाय कळलीच नसती अशी एक तरी बाब लिहिलीय का. कुणी वाक्य विसरलं, कुणाची टाच आपटली, दुसऱ्या अंकात वीज गेली, काहीही. ती सापडली की मी उरलेलं विश्वासाने वाचतो, मग टीका का असेना.

शेरिडन दुसरी बाजूही सोडत नाही. सर फ्रेटफुल प्लेजियरी नावाचा नाटककार यात आहे. त्याला म्हणे टीका हवीच असते. स्नीअर त्याला सांगतो की वर्तमानपत्रात तुमच्यावर अमुक छापून आलंय, आणि ते सगळं तिथल्या तिथे रचून सांगतो. नसलेल्या परीक्षणावर नाटककार हसतोय, हसताना फुटतोय, आणि म्हणतोय मला काहीच वाटत नाही. नंतरच्या अंकांत पफची स्वतःची शोकांतिका तालमीला उभी राहते. त्यात एलिझाबेथ राणीचा मंत्री लॉर्ड बर्ली येतो, एक शब्द बोलत नाही, मान हलवतो आणि जातो. स्नीअर विचारतो, याचा अर्थ काय? पफ सांगायला लागतो: बाजू न्यायाची असली, धोरण शहाणपणाचं असलं, तरी जनतेने याहून हिंमत दाखवली नाही तर स्पेनच्या राजाच्या हावेला देश बळी पडेल. एवढं सगळं एका मानेत! रंगमंचावर नसलेलं पाहणारे समीक्षक मी याच जातीचे मानतो, फक्त ते सभागृहात हजर असतात.

आता प्रत्यक्षात घडतं का, तर याचं सगळ्यात गाजलेलं उदाहरण संगीतातलं आहे. डिसेंबर १९१६, मॉस्को. सर्गेई प्रोकोफिएव्ह या रशियन संगीतकाराचा ‘सिथियन सुइट’ वाजणार होता, ही वाद्यवृंदासाठी लिहिलेली रचना. त्याच वर्षी जानेवारीत पेत्रोग्रादला, म्हणजे आजच्या सेंट पीटर्सबर्गला, तो पहिल्यांदा वाजला तेव्हा ग्लाझुनोव्हसारखे बुजुर्ग संगीतकार शेवट व्हायच्या आधी उठून गेले होते, त्यामुळे नावाभोवती बराच बोभाटा होता. लिओनिद सबानेयेव या समीक्षकाने मॉस्कोच्या कार्यक्रमावर सणसणीत टीका छापली, आणि वर लिहिलं की संगीतकाराने स्वतः रानटी आवेशात वाद्यवृंदाचं संचालन केलं. पण बरेच वादक महायुद्धासाठी सैन्यात बोलावले गेल्यामुळे ती रचना त्या संध्याकाळी वाजवलीच गेली नव्हती. प्रोकोफिएव्हने वर्तमानपत्राला पत्र लिहिलं. त्यात रागाचा शब्द नाही, नुसत्या नोंदी आहेत: मी मॉस्कोत संचालन केलेलं नाही, माझी रचना वाजलेली नाही, आणि समीक्षकाने ती कागदावर वाचली असणंही शक्य नाही, कारण तिची एकमेव प्रत माझ्याकडे आहे. त्या पत्रावर आणखी काही लिहायची सोयच उरत नाही.

सबानेयेवच्या लिखाणातही तीच खूण दिसते. ‘रानटी’ हा शब्द त्या संगीताबद्दल ऐकीव होता, घरबसल्या सुचण्यासारखा. पफ आदल्या दिवशी स्तुती लिहितो, याने निंदा लिहिली, एवढाच फरक.

आणि पफचा सरळ प्रकार तर २००१ मध्ये जसाच्या तसा सापडला. सोनी पिक्चर्सच्या सिनेमांच्या जाहिरातींत डेव्हिड मॅनिंग या समीक्षकाची स्तुतीची वाक्यं यायची. ‘न्यूजवीक’ने शोध घेतला तेव्हा कळलं की असा माणूसच नाही, कंपनीच्या जाहिरात विभागात तो जन्माला आला होता. पफ निदान खरा माणूस होता, असं मला तेव्हा वाटलं.

तुम्हाला याच धाटणीचं पण जवळच्या काळातलं काही हवं असेल तर टॉम स्टॉपर्डचं ‘द रियल इन्स्पेक्टर हाउंड’ (१९६८) वाचा. दोन समीक्षक रहस्यनाटक पाहायला बसलेत. एकाचं मन आपण ज्याच्या जागी आलो त्या वरिष्ठ समीक्षकात अडकलंय, दुसऱ्याचं नटीत. परीक्षणातली वाक्यं मात्र दोघांच्याही तोंडात तयार. पडदा उघडल्यापासून रंगमंचावर एक प्रेत पडलेलं आहे, आणि समोर बसूनही ते कोणाचं आहे हे दोघांना कळत नाही. तांत्रिकदृष्ट्या ते शेरिडनच्या पुढे जातं. पण मनाला मला शेरिडनच लागतो.

वाचायला सुरुवात पफच्या प्रवेशापासून करा, पहिला अंक, दुसरा प्रवेश. त्याआधीचा भाग त्या काळच्या लंडनच्या संदर्भांनी भरलेला आहे, तो नंतर वाचला तरी चालतो. शक्यतो एकट्याने मनात वाचू नका. तिघं जमा आणि मोठ्याने वाचा, आणि नटांची नावं येतात तिथे वाचणाऱ्यांनी आपापली नावं घाला. आम्ही तालमीच्या हॉलमध्ये असंच केलं होतं, मराठीत जमेल तसं बोलत. पफ काकूंनी वाचला. देखाव्यांच्या वाक्यापाशी त्या थांबल्या आणि त्यांनी अण्णांचं नाव घेतलं. मागे फळीवर बसलेले अण्णा म्हणाले, “घाला, पण पुढे लिहा की तेव्हा तो घाटात होता.”