आयर्लंडची काउंटी काउन्सिल: मत कोणाचं, सही कोणाची?

प्रश्न: डब्लिनजवळ तीन वर्षं राहतोय, पासपोर्ट भारतीय. शेजारी म्हणतो, काउन्सिलच्या, म्हणजे इथल्या जिल्हा परिषदेसारख्या संस्थेच्या निवडणुकीत तुलाही मत आहे. खरं की थट्टा?

खरं आहे. वय 18 पूर्ण, वास्तव्य आयर्लंडमध्ये आणि नाव मतदारयादीत, एवढं पुरे. नागरिकत्व लागत नाही, उभं राहायलाही लागत नाही. संसदेच्या म्हणजे डॉलच्या निवडणुकीत मात्र तुम्हाला मत नाही. काउन्सिलची निवडणूक दर पाच वर्षांनी होते. मागची 7 जून 2024 ला झाली. नाव आताच नोंदवा. आपली मंडळी मतदानाच्या आठवड्यात जागी होतात आणि तोवर यादी बंद झालेली असते.

प्रश्न: तिथे मतपत्रिकेवर 1, 2, 3 असे आकडे लिहायचे असतात म्हणे. दुसरी पसंती दिली तर पहिल्याचं नुकसान होत नाही का?

नाही. आपल्या विधान परिषदेच्या पदवीधर मतदारसंघात पसंतीक्रमाने मत दिलं असेल, तर निम्मं तुम्हाला आधीच ठाऊक आहे. फरक असा, की आयर्लंडमध्ये एकाच प्रभागातून अनेक जण निवडून येतात.

समजा जागा पाच आणि वैध मतं 12,000. जागांमध्ये एक मिळवून त्याने मतांना भागायचं, म्हणजे 2,000, आणि त्यात एक मिळवायचा: निवडून यायला लागणारा कोटा 2,001. पाच जणांनी तेवढी घेतली की उरतात 1,995, त्यामुळे सहावा कोट्यापर्यंत पोहोचूच शकत नाही. कोट्यापेक्षा जास्त पडलेली मतं पुढच्या पसंतीकडे सरकतात. सगळ्यात मागे असलेला उमेदवार बाद होतो आणि त्याच्या मतपत्रिका पुढच्या नावांना वाटल्या जातात. तुमची दुसरी पसंती उघडते ती पहिल्याचं काम झाल्यावर, नाहीतर तो बाद झाल्यावर. मोजणी हाताने होते आणि दोन-तीन दिवस सहज चालते. तिकडे लोक ती क्रिकेटच्या कसोटीसारखी चवीने बघतात.

प्रश्न: मी जिल्हा परिषदेतून निवृत्त झालो. तिकडे मोठा कोण, अध्यक्ष की सीईओ?

तुम्हाला उत्तर ऐकून हसू येईल: सीईओ. अध्यक्षाला ‘कहीर्लख’ म्हणतात (रोमन लिपीत तेरा अक्षरं, त्यातली निम्मी उच्चारात गळतात). सदस्य त्याला दरवर्षी आपल्यातूनच निवडतात. सभा चालवणं, फीत कापणं, पुढच्या वर्षी दुसरा.

सीईओच्या या वजनाची मुळं 1924 पर्यंत जातात. नुकत्याच स्वतंत्र झालेल्या देशाच्या सरकारने तेव्हा डब्लिन आणि कॉर्कच्या महापालिका बरखास्त केल्या. पुढे 1929 मध्ये कॉर्कला व्यवस्थापक नेमायचा कायदा आला आणि 1940 च्या कायद्याने ती पद्धत काउंट्यांनाही लागू झाली. 2014 पासून त्या ‘मॅनेजर’ला मुख्य कार्यकारी म्हणतात. बांधकाम परवानगी, घरांचं वाटप, नोकरवर्ग यांवर सही त्याची.

सदस्यांच्या हातात काय? अंदाजपत्रक मंजूर करणं, उपविधी, स्थानिक मालमत्ता कराचा दर ठरावीक मर्यादेत वर-खाली करणं आणि विकास आराखडा. हे शेवटचं हत्यार मोठं. कुठली शेतजमीन बांधकामाखाली आणायची हे आराखड्यात ठरतं. आपल्याकडे ‘एनए’च्या फायलीभोवती जे घुटमळतं, तेच डब्लिन काउंटीतही घुटमळलं होतं. 1997 मध्ये नेमलेल्या न्यायाधिकरणाने 2012 च्या अंतिम अहवालात सदस्यांना दिलेल्या पैशांवर थेट बोट ठेवलं.

अंदाजपत्रकाबाबत फार ताणताही येत नाही. पुरेसा कर बसवायला नकार दिला म्हणून 1969 मध्ये डब्लिनची महापालिका मंत्र्यांनी घरी पाठवली होती. माझ्या मते युरोपातल्या दुबळ्या स्थानिक संस्थांत आयरिश काउन्सिल वरच्या रांगेत बसेल. थोडा बदल लिमरिकमध्ये दिसतो: तिथे 2024 मध्ये जॉन मोरान हे देशातले पहिले थेट निवडलेले महापौर झाले आणि मुख्य कार्यकाऱ्याचे बरेचसे अधिकार त्यांच्याकडे आले. बांधकाम परवानगी मात्र त्यांच्याकडेही नाही.

प्रश्न: रस्त्यावरचा दिवा बंद, नळाला दाब नाही, मुलीला शाळेत प्रवेश नाही. काउन्सिलरला फोन करू?

दिव्यासाठी करा. रस्ते, ग्रंथालयं, अग्निशमन, सरकारी घरंही काउन्सिलकडेच आहेत. पाणी ‘इश्का एरन’ या सरकारी कंपनीचं, आणि शाळा व पोलीस काउन्सिलच्या अखत्यारीत नाहीत.

प्रश्न: सदस्याने मध्येच राजीनामा दिला तर पोटनिवडणूक होते का?

नाही. ज्या पक्षाची जागा, त्या पक्षाने सुचवलेलं नाव काउन्सिल सदस्य म्हणून घेते. 2003 मध्ये खासदारांना काउन्सिलमध्येही बसायची मुभा काढून घेतली, तेव्हा असे पुष्कळ नवे चेहरे आत आले. त्याच वर्षी डब्लिनजवळच्या फिंगल काउन्सिलमध्ये असाच एक तरुण डॉक्टर आला. पुढच्या वर्षी तो मतदारांसमोर गेला आणि 4,894 पहिल्या पसंतीची मतं घेतली, त्या निवडणुकीत देशात सर्वाधिक. 2017 मध्ये तो पंतप्रधान झाला: लिओ वराडकर. वडिलांचं गाव मालवण तालुक्यातलं वराड.